छातीवर बँड, पाठीवर घाम

१६ मे २०२५, शुक्रवारची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी महालक्ष्मी रेसकोर्सवर ‘गन्स अँड रोझेस’ या रॉक बँडचा कार्यक्रम होता. २०१२च्या डिसेंबरात ते बीकेसीच्या मैदानावर आले होते तेव्हाही मी गेलो होतो, पण त्या वेळी गायक अ‍ॅक्सल रोझच्या शेजारी जुन्या साथीदारांपैकी स्लॅश नव्हता, डफ मॅकेगन नव्हता. आता दोघेही येणार होते. मी आठवडाभर आधीच नवा टी-शर्ट मागवून ठेवला होता. काळाकुट्ट, छातीभर क्रॉस आणि क्रॉसवर पाच कवट्या. १९८७च्या ‘अ‍ॅपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन’ या अल्बमच्या मुखपृष्ठावरचं हे चित्र, प्रत्येक कवटी बँडमधल्या एकेकाची.

माझी भाची त्या रात्री डोंबिवलीला आमच्याकडे मुक्कामाला आली होती. तिने इचलकरंजीला टेक्स्टाइलचं शिक्षण घेतलं आणि आता ती एका कपड्यांच्या कंपनीत क्वालिटीचं काम बघते. कार्यक्रमाला तीही येणार होती. पलंगावर पसरलेल्या टी-शर्टजवळ ती आली, खालची कड अंगठा आणि तर्जनीत धरून चोळली, मग आतला भाग बाहेर काढून प्रिंटच्या मागच्या बाजूला तोंड लावलं आणि फुंकर मारली.

ती : मामा, हवा पलीकडे जात नाहीये.

मी : म्हणजे?

ती : म्हणजे तुझ्या छातीवर उद्या प्लॅस्टिकचा पत्रा असणार आहे. हे प्लास्टिसॉलचं प्रिंट आहे. पीव्हीसीचे बारीक कण प्लास्टिसायझरमध्ये कालवलेले असतात. छापल्यावर साधारण १६० अंशांवर तापवलं की त्याचा एकसंध थर होतो. तो धाग्यात मुरत नाही, कापडावर बसतो. हे प्रिंट बारा इंच रुंद आणि सोळा इंच उंच तरी असेल. सव्वा चौरस फुटापेक्षा जास्त अंग तू बंद करून टाकणार आहेस, तेही मेच्या मुंबईत. आणि कापड बघ, किती जाड आहे! माझ्या हाताला तरी हे २४० जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला २४० ग्रॅम वजनाचं, लागतंय.

मी : जाड कापड म्हणजे चांगलं कापड. टिकतं.

ती : टिकतं, मान्य. पण तू तो टिकवायला घालणार आहेस की नाचायला?

तिचा प्रश्न रास्त होता, तरी मला तो लागला. मी ज्या पिढीतला आहे तिने टी-शर्टकडे कपडा म्हणून कधी पाहिलंच नव्हतं. धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ साली ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा रॉक महोत्सव सुरू झाला. मी कॉलेजात गेल्यावर तिथे जायला लागलो. दाराबाहेर काळ्या टी-शर्टांची रांग दिसली की अनोळखी पोरंही आपली वाटायची. परदेशी बँडचा खरा टी-शर्ट तेव्हा आमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिला होता. आम्ही जवळच्या फॅशन स्ट्रीटवरून नकली विकत घ्यायचो. त्यावर बँडच्या नावाचं स्पेलिंगही कधी कधी चुकलेलं असायचं. पण तो टी-शर्ट घातला की लोकलच्या डब्यात समोरचा मुलगा ओळखीची मान हलवायचा. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवनातले कार्यक्रम बंद झाले. आमच्यातल्या पुष्कळांसाठी त्या जागेची खूण म्हणून आता ते टी-शर्टच उरले आहेत. हे सगळं मी तिला सांगितलं.

ती : हे मला कळतं. मी जानेवारीत नेरुळला ‘कोल्डप्ले’ला गेले होते, तेव्हा स्टेडियमच्या पायऱ्यांवर तोच टी-शर्ट घातलेली एक मुलगी भेटली. आम्ही पूर्ण कार्यक्रम एकत्र उभं राहून ऐकला. कपड्यामुळे माणसं जोडली जातात, यावर आपला वाद नाही. वाद इतकाच आहे की त्या कपड्याने त्या संध्याकाळी तुला त्रास का द्यावा?

मी : कारण थोडा त्रास त्यात असतोच. रांगेत चार तास उभं राहायचं, पाय दुखायचे, घसा बसायचा. सगळं गारेगार आणि सोयीचं हवं असेल तर घरी पडद्यावर बघावं.

ती : मामा, वारीला तर तू माझ्यापेक्षा जास्त वेळा गेला आहेस. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास होतं. वारकरी काय घालून चालतात?

मी : धोतर, सदरा, टोपी. खांद्यावर उपरणं.

ती : पांढरं, सुती, सैल. त्यांची भक्ती तुझ्यापेक्षा कमी आहे का? पायांना फोड येतात ते चालण्याने येतात, कपड्याने नव्हे. उपरण्याने घाम पुसता येतो, डोक्यावर घेता येतं, भिजलं तर पिळून पुन्हा खांद्यावर टाकता येतं. वारकऱ्याच्या अंगावरचं सगळं लांबून ओळखू येतं आणि दिवसभर अंगावर सोसवतं. एकाच कपड्यात दोन्ही साधता येतं, हे आपल्याकडे कितीतरी पिढ्यांपूर्वी साधलेलं आहे.

यावर मला लगेच उत्तर सुचलं नाही. मी दुसरीकडून वळलो.

मी : बरं, सैल असावं हे मानलं. पण काळ्या रंगाला तू नावं ठेवणार असशील तर एक गोष्ट ऐक. वाळवंटातले बेदुईन काळे झगे घालतात. शास्त्रज्ञांनी ते तपासलंय. १९८० साली ‘नेचर’मध्ये त्यावर लेख आला होता. काळा झगा घाला नाहीतर पांढरा, अंगापर्यंत पोचणारी उष्णता सारखीच निघाली.

ती : तो लेख आम्हाला शिकवला होता. आता त्याचं कारण सांग.

मी : काळं कापड ऊन जास्त शोषतं, पण ती उष्णता कातडीपर्यंत पोचण्याआधीच हवेत निघून जाते.

ती : का निघून जाते? कारण झगा सैल आहे. कापड आणि अंग यांच्यात हवा खेळते. तुझ्या या टी-शर्टात ती कुठून खेळणार? शिवाय तिथली हवा कोरडी. तिथे घाम निघतो आणि निघताक्षणी उडतो, त्यामुळे अंग थंड होतं. मुंबईत मेमध्ये हवेतच इतकी वाफ असते की घाम उडतच नाही, नुसता ओघळतो. त्यात हजारो माणसं एकमेकांना खेटून उभी. आणि रंगाचं म्हणशील तर मी काळ्याच्या विरोधात नाहीच. सूर्य मावळल्यावर काळ्या-पांढऱ्यात काही फरक उरत नाही. ऊन लागतं ते दुपारच्या रांगेत. आणि एक सांगू? मुली काळा टी-शर्ट का निवडतात ते तुला कुणी सांगितलं नसेल. पांढरा पातळ सुती टी-शर्ट घामाने भिजला की पारदर्शक होतो. गर्दीत त्या अवस्थेत दोन तास उभं राहणं नकोसं होतं. काळ्यात घामही दिसत नाही आणि अंगही नाही. माझ्यासाठी तोही आरामच आहे.

तीस वर्षं काळे टी-शर्ट घालून मी मैदानं पालथी घातली, पण हा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. आराम म्हणजे थंड वाटणं, एवढंच मी धरून चाललो होतो. ती पुढे साइझवर बोलायला लागली. ‘युनिसेक्स’ म्हणून जे विकतात ते बहुतेक पुरुषांच्या खांद्यांच्या मापाने बेतलेलं असतं. मुलीने मोठं माप घेतलं तर गळा घसरतो आणि बाही कोपरापर्यंत येते, लहान घेतलं तर छाती आणि कंबर आवळते. बायकांसाठी म्हणून वेगळं काढलेलं पुष्कळदा इतकं तोकडं आणि घट्ट असतं की हात वर करता येत नाही. आणि कार्यक्रमात हात वर करायचा नसेल तर मग करायचं काय?

ती : म्हणून आम्ही कात्री लावतो. कॉलरची रिब कापायची, बाह्या कापायच्या.

मी : हे मात्र मला सहन होत नाही. चांगला टी-शर्ट कापायचा?

ती : होजिअरीचं कापड आहे, मामा. मागावर विणलेल्या साडीसारखे त्याचे धागे सुटत जात नाहीत, कड नुसती वळते. मानेभोवतीची घट्ट पट्टी गेली की अर्धा जीव मोकळा होतो. आणि तुझा अ‍ॅक्सल रोझ स्वतः बाह्या कापलेले टी-शर्ट घालून स्टेजवर यायचा ना?

यायचा. मी मान हलवली. त्याच्या डोक्याला बांधलेला बँडानाही मला आठवला आणि तो विषय मीच काढला, कारण माझ्या मते बँडच्या नावाने विकल्या जाणाऱ्या सगळ्या मर्चमध्ये तीच एक वस्तू अशी आहे की तिच्यावर आमच्या दोघांचं एकमत व्हायला हवं. सुती चौकोनी रुमाल, कपाळावर बांधला की डोळ्यांत घाम उतरत नाही. ती खूश झाली. तिच्या मते नव्याने जाणाऱ्याने पहिली खरेदी टी-शर्टची करूच नये, बँडाना घ्यावा. खिशात मावतो आणि कुणालाही माप लागत नाही. बॅग आत नेऊ देत नाहीत अशा मैदानांवर हातात काही धरून ठेवावं लागत नाही, ही तर फार मोठी सोय.

टोप्यांवर आमचं फार बोलणं झालं नाही. रांगेत टोपी चांगली, आत गेल्यावर मागच्याच्या नजरेला आडवी येते, तेव्हा काढून ठेवावी. हुडी विकतात, पण मुंबईत ती डिसेंबरातही घालवत नाही. दिल्लीच्या थंडीत जाणाऱ्याने खुशाल घ्यावी.

मग मी मुद्द्यावर आलो.

मी : समजा, हा टी-शर्ट घातला नाही. मग काय, क्रिकेटची जर्सी घालून जाऊ? वानखेडेवर सगळे पॉलिएस्टरचीच घालतात.

ती : पॉलिएस्टर वाईट नाही. ते पाणी पीत नाही. कापूस साध्या हवेतसुद्धा स्वतःच्या वजनाच्या आठ टक्क्यांपर्यंत ओलावा धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी. म्हणून जर्सी चटकन वाळते आणि भिजलेला सुती टी-शर्ट तासभर अंगाला चिकटून राहतो. जर्सीची वीण जाळीदार असते, तिची रचनाच घामासाठी केलेली असते. फक्त तिला वास लवकर येतो. पण तुझ्या बँडचा टी-शर्ट खेळाडूच्या जर्सीसारखा बनवणार नाहीत आणि तसा बनवावा असं मलाही वाटत नाही. कापूसच हवा, पण दीडशे-एकशे साठ जीएसएमचा, कोम्ब्ड, म्हणजे विंचरलेल्या सुताचा. त्यात आखूड तंतू काढून टाकलेले असतात, कापड मऊ लागतं. चित्र पाण्याच्या शाईने छापलेलं हवं. काळ्या कापडावर छापायचं तर डिस्चार्जने. त्यात मूळचा काळा रंग काढून त्या जागी नवा रंग भरतात, चित्र धाग्याच्या आतच जातं. हात फिरवलास तर चित्र कुठे सुरू झालं ते कळत नाही. त्याला सुरुवातीला थोडा वास असतो, तो एका धुण्यात जातो. दीडशे आणि दोनशे चाळीसमध्ये एका टी-शर्टमागे ऐंशी-नव्वद ग्रॅमचा फरक पडतो. कोरडा असताना तो जाणवत नाही. भिजल्यावर बघ.

मी : आणि असा टी-शर्ट मिळतो कुठे?

ती : इथेच तर गंमत आहे. पातळ कापड बाहेर रस्त्यावर नकली विकणाऱ्याकडे मिळतं, कारण त्याला ते स्वस्त पडतं.

मी : नकली मी घेणार नाही. विशीत घेतले, कारण दुसरं काही नव्हतं. आता नाही. गाणी ऐकून बँडला फार थोडं मिळतं. दौरा आणि दौऱ्यातली विक्री यावर ते जगतात. मी दिलेल्या पैशांतला वाटा त्यांच्यापर्यंत पोचला पाहिजे.

ती : पोचलाच पाहिजे. मी कधी नाही म्हटलं? पण तू हजारो रुपये देतोस, तर तुलाही काही मागायचा हक्क आहे. आजी साडी घ्यायला गेली की आधी काय करते?

मी : पदर हातात घेऊन पोत बघते.

ती : किंमत विचारायच्या आधी! दुकानदाराला गादीवर दहा साड्या उलगडायला लावते. आणि आपण? मर्चच्या स्टॉलवर लांबून लटकवलेलं चित्र बघतो, साइझ सांगतो, पैसे देतो. कापड कसलं, किती जाड, छपाई कशाने केली, एकही प्रश्न नाही. ज्याच्यावर सगळ्यात जास्त प्रेम करतो त्याच्या बाबतीत आपण सगळ्यात कमी चौकशी करतो. तिरुपूर आपल्याकडेच आहे, मामा. जगभर जाणारी सुती होजिअरी तिथे तयार होते. चांगलं कापड आपल्या देशाला नवीन नाही. मागितलं नाही म्हणून मिळत नाही, एवढंच.

मी टी-शर्टच्या गळ्यामागचं लेबल पाहिलं. ‘१००% कॉटन’, धुण्याच्या खुणा आणि माप, एवढंच लिहिलेलं होतं. जीएसएमचा पत्ता नव्हता. बटाटे घेताना मी किलोचा भाव विचारतो. हा टी-शर्ट घेताना वजन मनातही आलं नव्हतं.

तरी एक गोष्ट मला तिच्याशी बोलायची होती, कारण ती कापडाच्या बोलण्यात मावत नव्हती.

मी : नोव्हेंबर २०२३मध्ये रिओ दि जानेरोत टेलर स्विफ्टच्या कार्यक्रमात तेवीस वर्षांची एक मुलगी उष्म्याने गेली. लोकांना पाण्याची बाटली आत नेऊ दिली नव्हती. आपल्याकडे १६ एप्रिल २०२३ला खारघरच्या मैदानावर काय झालं ते तर सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. चौदा माणसं उष्माघाताने गेली. तिथे कुणी जाड टी-शर्ट घातला होता म्हणून नाही. पाणी, सावली, वेळ हे आयोजकांनी बघायला हवं. कपड्यावर बोलत राहिलो की ती जबाबदारी उलट आपल्याच अंगावर येते, अशी मला भीती वाटते.

ती थोडा वेळ गप्प राहिली.

ती : बरोबर आहे. पाणी देणं त्यांचंच काम आहे आणि ते न देणाऱ्याला मी कधीही सोडणार नाही. पण उद्या आत गेल्यावर पाणी मिळेल की नाही, सावली असेल की नाही, हे तुझ्या हातात नाही. तुझ्या हातात अंगावरचा कपडा आहे. तू पन्नाशी ओलांडलीस, मामा. मला तू उद्या मध्येच खाली बसलेला नको आहेस. शेवटच्या गाण्यापर्यंत उभा हवा आहेस.

एवढं बोलून तिने कपाट उघडलं. खालच्या खणात माझे जुने टी-शर्ट घडी करून ठेवलेले असतात. तिने त्यातला एक काढला. १७ मार्च २००७, बंगळूरचं पॅलेस ग्राउंड्स, ‘आयर्न मेडन’. भारतातला त्यांचा तो पहिला कार्यक्रम होता. मुंबईहून आम्ही सहा मित्र उद्यान एक्सप्रेसने गेलो होतो. काळा रंग आता राखाडीकडे झुकला आहे. त्यावरच्या एडीच्या, म्हणजे बँडच्या त्या प्रसिद्ध भुताच्या, चेहऱ्यावर इतक्या भेगा पडल्या आहेत की जवळून पाहिलं तर चित्र कमी आणि कापड जास्त दिसतं. गळ्याची रिब सैल पडली आहे.

तिने पुन्हा मागून फुंकर मारली. या वेळी तिचा दुसरा हात पलीकडच्या बाजूला होता.

ती : इथून हवा जाते. अठरा वर्षं धुतलाय, आता काय आकसणार? ताठा निघून गेलाय, प्रिंट मोडलंय, म्हणून तुला श्वास घेता येईल. असा टी-शर्ट कुठला कारखाना देणार?

मी : पण उद्या बँड दुसरा आहे.

ती : मग? तूच सांगायचास ना, ज्या बँडला जातोय त्याचाच कोरा टी-शर्ट घालून जाणं जुन्या लोकांना पटत नाही म्हणून.

हे खरं होतं. आमच्या वेळच्या कित्येकांचा तसा दंडक होता. मला तो कधीच पटला नव्हता. आपण ज्याला ऐकायला जातो त्याचं नाव अंगावर घेऊन जावं, यात लाजण्यासारखं काही नाही, असं माझं मत होतं आणि आजही आहे. पण जुन्या टी-शर्टमागचं म्हणणं मला त्या रात्री नव्याने कळलं. समोरच्या घडीवर माझी अठरा वर्षं होती. गाडीतलं जागरण होतं, बंगळूरच्या मैदानावरचा आवाज होता, त्या सहा मित्रांपैकी आता नसलेला एक होता. नव्या टी-शर्टवर फक्त चित्र होतं. त्याच्यावर अजून काहीच घडलेलं नव्हतं.

मी : मग नवा कधी घालायचा?

ती : आज रात्री थंड पाण्यात भिजव, म्हणजे कापडावरचं फिनिश आणि जादाचा रंग निघेल. उलटा करून सावलीत वाळत घाल, प्रिंटवर इस्त्री फिरवू नकोस. आणि डिसेंबरात, हवा कोरडी झाली की, घाल. तेव्हा हेच जाड कापड तुला आवडेल. पाच-सहा वर्षांत तोही मऊ होईल.

मी बादलीत पाणी भरलं आणि टी-शर्ट बुडवला. थोड्या वेळात पाणी काळसर झालं. तो रंग दुसऱ्या दिवशी घामाबरोबर माझ्या अंगावर उतरला असता.

दुसऱ्या दिवशी मी मेडनचा टी-शर्ट घातला आणि कपाळाला लाल बँडाना बांधला. तिने कॉलर कापलेला ‘कोल्डप्ले’चा टी-शर्ट घातला होता. आम्ही शेवटच्या गाण्यापर्यंत उभे होतो.

आमचे सगळे वाद मिटलेले नाहीत. चांगला टी-शर्ट कापणं मला अजूनही मान्य नाही आणि त्या संध्याकाळच्या बँडचा टी-शर्ट घालून जायला माझी पुढच्या वेळीही तयारी आहे. पण तो आधी चार वेळा धुतलेला असेल. आणि जे आपल्या देशात दौऱ्यांचे टी-शर्ट विकतात त्यांच्याकडे माझं आता एक मागणं आहे : स्टॉलवरच्या फलकावर किमतीच्या शेजारी कापडाचं जीएसएम आणि छपाईचा प्रकार लिहा, हात लावून बघायला एक नमुना बाहेर ठेवा, बायकांच्या मापाचा एक सैल टी-शर्ट ठेवा, आणि मार्च ते जून या महिन्यांतल्या कार्यक्रमांसाठी एक तरी पातळ सुती टी-शर्ट काढा. वाचकहो, पुढच्या वेळी तुम्ही अशा स्टॉलपुढे उभे राहाल तेव्हा साइझ सांगण्याआधी तो उलटा करून मागून फुंकर मारून बघा, आणि कापड किती जीएसएमचं आहे ते मोठ्याने विचारा.